टेबलावरची शहरं

१४ मार्च, शनिवार

नर्स कातिया सांगून गेली की म्हातारा रोज काय खातो ते लिहून ठेवा. मला अक्षर येत नाही हे तिला माहीत आहे. पण ती नव्या वळणाची पोरगी. तिला वाटतं अक्षर हे पडशासारखं असतं, आज ना उद्या सगळ्यांना होतंच. म्हणून शेजारची दिओलिंदा लिहिते आहे. ती जन्मभर गावच्या शाळेत बाई होती. मी बोलायचं, तिनं लिहायचं. मध्ये बोलायचं नाही, असं ठरलं.

लगेच बोलली. म्हणते, वही म्हाताऱ्यासाठी आहे, तुझ्यासाठी नाही. मी म्हटलं, म्हाताऱ्याचं जेवण एका ओळीत संपतं, उरलेलं पान काय उंदरांना घालायचं? ते माझं. ते कातियाला दाखवायचं नाही. कुणालाच दाखवायचं नाही.

तर. जेवण: एक वाटी सूप. दिओलिंदा म्हणते, दोन चमचे. मी वाटी नेली होती, म्हणून वाटी.

म्हाताऱ्याला, म्हणजे सिल्वेरियोला, काही झालेलं नाही. डॉक्टरनं त्याची वाइन बंद केली म्हणून तो रुसून निजला आहे. पाथरवट माणूस, रुसला की दगडासारखाच रुसतो. गावातले निम्मे उंबरे त्याच्या हातचे. असा माणूस अंथरुणात मावतो का? उठेल.

नात सालोमे पोलंडात आहे, क्राकुफला. घरं कशी बांधायची ते शिकते. एका वर्षासाठी गेली आहे, पण मेली फोनवर अशी बोलते की जणू जन्म तिथंच झाला. पुढच्या आठवड्यात तिची वसंताची सुट्टी. सुट्टी एक आठवड्याची, दुसरा आठवडा तिनं स्वतःच स्वतःला दिला. फिरत फिरत ईस्टरला घरी येणार. ती तसं म्हणालेली नाही. पण माझी नात आहे, मला न विचारता माझ्याच मनात आलेलं करते.

१९ मार्च, सेंट जोसेफचा दिवस

जेवण: अर्धा पाव, दुधात बुडवून. त्यातला निम्मा कोंबडीनं खाल्ला. बशी रिकामी झाली ना? मग झालं.

आज बापांचा दिवस. सालोमेचा फोन आला, आजोबांना दे म्हणाली. दिला. तो बराच वेळ बोलला. म्हणजे ती बोलली आणि त्यानं हूं केलं. त्याचा हूं चांगला होता, जाड होता.

त्याचा काळा सूट बाहेर काढला. ईस्टरला पाद्रीबाबा क्रूस घेऊन, पुढं घंटा वाजवत, घरोघर निघतात. ज्या उंबऱ्यावर फुलांचा गालिचा, त्या घरात क्रूस वळतो. घरधन्यानं सूट घालून दारात उभं राहायचं, आणि सगळ्या घरानं गुडघे टेकून क्रुसाचा मुका घ्यायचा. उंबरा मोकळा दिसला, की त्या घरात दुखवटा. तिथं घंटा मुठीत धरून पुढं जायचं. हे कुणाला सांगावं लागत नाही. इथं दुधपित्या पोरालाही उंबरा वाचता येतो. मलाही येतो. वाचता येणारी माझी तेवढी एकच गोष्ट.

सूट अंगावर धरून पाहिला. सैल झाला आहे. खांदे कोपराकडं उतरतात. कपाटाला ओल आली असणार, ओलीनं लोकर सुटते. दिओलिंदा म्हणते, ओलीनं लोकर आटते. मी म्हटलं, ती शाळेतली लोकर.

ठरवलं: ईस्टरपर्यंत म्हाताऱ्याला सुटाच्या मापाचा करायचा. सूट आत घ्यायला टाकायचा नाही. तो अपशकुन.

२१ मार्च, शनिवार

जेवण: सूप, अंडं, वर दोन घोट वाइन. डॉक्टरला सांगायचं नाही. दिओलिंदा, वाइन खोड. राहू दे, म्हणजे कातियाला कळेल की घशातून उतरतं आहे.

सालोमे निघाली. पहिलं शहर प्राग. मी दिओलिंदाला विचारलं, प्राग कुठं? ती नकाशा आणायला निघाली. मी म्हटलं, नकाशा मला सांडलेल्या डाळीसारखा दिसतो, टेबलावर दाखव. मग आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर युरोप मांडला. मिठाचं भांडं म्हणजे आपलं गाव, स्पेनच्याही पलीकडं, दाराकडच्या टोकाला. खिडकीकडच्या टोकाला घेवड्याचा एक दाणा ठेवला, तो क्राकुफ. दुसरा दाणा प्राग. प्रागचा दाणा मिठाच्या बाजूला सरकलेला आहे. मी काय म्हणत होते? पोरगी घरी निघाली आहे.

तिची एक खोड आहे. जिथं जाईल तिथल्या एखाद्या जुन्या दाराच्या उंबऱ्याचा फोटो काढून आजोबांना पाठवते. लोक राजवाडे बघतात, ही पायाखालचं बघते. म्हाताऱ्यानं प्रागचा उंबरा डोळ्याजवळ धरून पाहिला. म्हणाला, "दगडाची शीर न बघता कापलाय, गाढवानं. आणि झिजलाय बघ डाव्या अंगाला. घरातली बाई डावा पाय आपटत चालत असणार, तुझ्यासारखी." आमच्या उंबऱ्यालाही डावीकडं खळगा आहे. लग्नाच्या वर्षी त्यानं स्वतः बसवला तो दगड, आणि तेव्हापासून खळग्याचं खापर माझ्यावर.

एवढं बोलून धाप लागली. हसण्यानं लागते तशी.

ठरवलं: करडू सांगून ठेवायचं, ईस्टरच्या भट्टीसाठी. मोठं. चौघांसाठी.

२३ मार्च

जेवण: भाताची पेज. किती ते विचारू नका.

व्हिएन्ना. तिसरा दाणा दिओलिंदानं प्रागच्या खाली ठेवला, मी तो वितभर मिठाकडं ओढला. उंबऱ्याचा फोटो आला. म्हातारा म्हणाला, "बरा." एवढंच. मी सालोमेला कळवलं की आजोबा म्हणतात बरा, पण दार वाकडं बसवलंय. दार वाकडं हे माझं. लग्नाला इतकी वर्षं झाली, तो काय म्हणाला असता ते मला त्याच्या आधी कळतं. त्याला बोलायचे कष्ट कशाला?

तिला चेहरा दिसणाऱ्या फोनवर बोलायचं होतं. आजोबा वेली बांधायला मळ्यात गेलेत, असं सांगितलं. ते पूर्ण खोटं नाही. खाटेवरून मळा दिसतो.

२५ मार्च

जेवण: सफरचंद, किसून.

आज मोठा घोळ. सालोमे बुडापेस्टला गेली. दिओलिंदानं नवा दाणा उचलला आणि व्हिएन्नाच्या पलीकडं ठेवला, खिडकीकडं, घराच्या उलट. मी म्हटलं, चुकलीस. ती म्हणाली, मी चुकले नाही, बुडापेस्ट तिथंच आहे, तिथंच असतं. मी दाणा उचलून अलीकडं ठेवला. तिनं उचलून पलीकडं ठेवला. शेवटी मी म्हटलं, हे टेबल माझं आहे.

मग विचार केला. पोरगी हुशार आहे. उडी लांब मारायची तर माणूस आधी चार पावलं मागं जातं. ती तेच करते आहे. दाणा पलीकडंच राहू दिला.

उंबरा आला. म्हातारा झोपला होता. मी कळवलं: आजोबा म्हणतात, छान.

२६ मार्च

जेवण: आज त्याला भूक नव्हती, कारण काल जास्त झालं.

कातिया आली. अंगाखालच्या चादरी बदलल्या, पाठ पाहिली, मला अंगणात नेलं. आता घरच्यांना कळवा, म्हणाली. मी म्हटलं, घरची म्हणजे मीच, आणि मला माहीत आहे. ती म्हणाली, नातीला. मी म्हटलं, नात ईस्टरला येतेच आहे. तिनं माझ्या दंडावर हात ठेवला. या नर्सांना कुणी शिकवलंय हे दंडावर हात ठेवणं? आम्ही काय बैल आहोत?

ती गेल्यावर दिओलिंदा सुरू झाली. फोन कर, अजून वेळ आहे, पोरीला हक्क आहे. मी तिला माझ्या मेलेल्या मुलाची शपथ घातली की तू सांगायचं नाही. ती रडली. लिहितानाही रडते आहे. पान भिजवू नकोस.

एकदाच सांगते, परत विचारायचं नाही. माझा मुलगा आणि सून लक्झेंबर्गहून ऑगस्टच्या सुट्टीला गाडीनं येत होते. वाटेत न झोपता, लवकर पोचावं म्हणून. स्पेनच्या रस्त्यावर राहिले. सालोमे मागच्या सीटवर होती, तिला खरचटलंसुद्धा नाही. तेव्हापासून या घरात कुणाला "लवकर ये" म्हणत नाहीत. सावकाश ये म्हणतात. ज्याला घाई सांगितली, तो पोचत नाही. दिओलिंदाला हे माहीत आहे, तरी शाळेतल्यासारखं बोट वर करते.

ती सावकाश येईल. म्हातारा तोवर बरा होईल. दोन्ही बसतं एकात एक.

२९ मार्च, झावळ्यांचा रविवार

जेवण: पवित्र पाण्याचा एक थेंब आणि चमचाभर मध. मध मोजा.

सरकारनं पहाटे घड्याळ तासभर पुढं सरकवलं. म्हाताऱ्याच्या खोलीतलं मी सरकवू दिलं नाही. स्वयंपाकघरात सरकारची वेळ, त्याच्या खोलीत जुनी. दिओलिंदा म्हणते, मग औषधाचा गोंधळ होईल. मी म्हटलं, त्याच्याजवळचा एक तास काढून घ्यायला सरकार कोण?

चर्चमधून ऑलिव्हची फांदी आणली, त्याच्या उशाशी लावली. त्यानं वास घेतला. म्हणजे नाक हललं.

सालोमे लुब्लियानाला. दाणा घराकडं वळला. बघा, उडी मारली.

३० मार्च

जेवण: ते लिहायची जागा मोकळी सोड, संध्याकाळी खाईल.

तिचा फोन आला. म्हणाली, आजी, आजोबांचं काय बिनसलंय? मी म्हटलं, का गं? म्हणाली, बुडापेस्ट छान, लुब्लियाना छान. मी त्यांना आख्ख्या आयुष्यात कशालाही छान म्हणताना ऐकलेलं नाही. तुझ्या सूपलासुद्धा.

हे मात्र खरं. अतिगोड झालं होतं. मी लगेच म्हटलं, थांब, आत्ता उठलेत, नीट बघतायत, म्हणतात हा उंबरा उंबरा नाही, डुकराच्या दावणीचा दगड आहे, आणि बसवणाऱ्याच्या हातावर आधी हातोडी मारायला हवी. पोरगी खळखळून हसली. म्हणाली, हं, आता माझे आजोबा.

मी फोन ठेवला. तो माझ्याकडं बघत होता. झोपला नव्हता.

जागा मोकळीच राहिली.

३१ मार्च, मंगळवार

जेवण: ओठ ओले केले.

आज बोलला. खिडकी उघडी होती. मी सूट ब्रशनं झाडत होते. म्हणाला, "मिना, पोरीला बोलाव." स्पष्ट. दिओलिंदानंही ऐकलं, म्हणून मी नाही म्हणू शकत नाही.

मी म्हटलं, "येतेच आहे ती. ईस्टरला. वाटेत आहे."

"खरं?"

"टेबलावर येऊन बघ, किती जवळ आली ते."

त्यानं छताकडं बघितलं. मग म्हणाला, "मग थांबतो."

झालं तर. या माणसानं कधी कामाचा शब्द मोडलेला नाही. चर्चच्या पायऱ्या तापात घडवल्या, कारण सेंट जॉनच्या सणाआधी देतो म्हणाला होता. ईस्टरपर्यंत थांबतो म्हणाला म्हणजे थांबणार. मी तर म्हणते, ईस्टरनंतर त्याला शब्दातून सोडवायचंच नाही. पुढं ऑगस्टचा शब्द घ्यायचा, मग द्राक्षतोडणीचा. असं करत करत माणूस शंभरी गाठतो.

सालोमे बोलोन्याला. दाणा टेबलाच्या मध्यावर आला. म्हाताऱ्याला दाखवायला मुठीत नेला. त्यानं मूठ उघडायला लावली नाही.

१ एप्रिल, बुधवार

जेवण: पाणी, कापसानं.

आज लबाडीचा दिवस. एक एप्रिलला आमच्याकडं जो तो थापा मारतो आणि जो तो फसतो. एका वर्षी सिल्वेरियोनं जुन्या पाद्रीबाबांना सांगितलं की घंटेला तडा गेलाय, आणि ते बिचारे मनोऱ्याच्या शिडीवर अर्ध्यात अडकून बसले होते.

दिओलिंदानं शपथ मोडली. तिच्या घरून, माझ्या माघारी, सालोमेला फोन करून सांगितलं: आजोबांचं काही खरं नाही, निघ. जन्मभर पोरांना फळ्यावर आधी तारीख लिहायला लावणारी बाई, आणि स्वतः तारीख पाहिली नाही.

सालोमेनं तिचा फोन ठेवून मला केला. म्हणाली, "आजी, बाई म्हणाल्या आजोबा शेवटचे आहेत. मला आधी हसू आलं. आज काय तारीख आहे ते मला माहीत आहे. मग वाटलं, बाईंनी आयुष्यात कधी थट्टा केलेली नाही."

खरं सांगायचं दार उघडं होतं. नुसतं ढकलायचं होतं. दिओलिंदा धावत येऊन माझ्यासमोर उभी होती, एप्रन तोंडात धरून. मी टेबलाकडं पाहिलं. फ्लोरेन्सचा दाणा मी सकाळीच ठेवला होता. तिथून मिठापर्यंत केवढी रिकामी जागा. त्यातली निम्मी स्पेनची.

मी म्हटलं, "पहिल्यांदाच केली गं बाईंनी, म्हणून जमली नाही."

ती हसली, आणि त्या हसण्यात तिचा श्वास सुटला तो मला ऐकू आला. म्हणाली, बाईंना सांग, थट्टेत शून्य मार्क. मग म्हणाली, ईस्टर आम्ही मैत्रिणी फ्लोरेन्सलाच करणार. उद्यापासून डोंगरावरच्या एका मठात जातोय, तिथं फोन लागणार नाही, काळजी करू नकोस. आणि उंबऱ्यावर यंदा काय घालणार?

मी म्हटलं, "लाल कॅमेलिया. आणि बडीशेपेचा पाला."

"नक्की घाल हं. भरपूर."

"घालीन."

"आजोबांना सांग, फ्लोरेन्सचा उंबरा मी पाठवणार नाही. तोंडानंच सांगेन."

मी केलं ते बरोबर केलं. नाहीतर पोरीनं घाबरून मिळेल ती बस धरली असती. आणि म्हाताऱ्यानं थांबतो म्हटलंय. फ्लोरेन्सला ईस्टर करणार म्हणते, पण पोरी बोलतात एक आणि करतात एक. येईल. दिओलिंदा हे लिहिते आहे पण माझ्याकडं बघत नाही. पेन इतकं दाबते आहे की पुढच्या पानालाही कळेल.

२ एप्रिल, पवित्र गुरुवार

जेवण: नाही.

दुपारी. मी अंगणात कॅमेलियाखाली टोपली घेऊन उभी होते, किती फुलं होतील ते बघत. कातिया खिडकीत आली. हाक मारली नाही. नुसती उभी राहिली.

त्याच्या खोलीतल्या घड्याळाप्रमाणे एक तास आधी गेला.

पहिल्यांदाच शब्द मोडला.

३ एप्रिल, गुड फ्रायडे

दिओलिंदा सकाळपासून फोन लावते आहे. बंद. परत लावते. बंद. मठात असेल. मी म्हटलं, राहू दे. परत क्राकुफला पोचली, खुर्चीवर बसली, की सांगू. बसलेल्या माणसाला सांगितलेलं बरं. दिओलिंदा म्हणाली, "फेलिस्मिना, आता तरी." आणि परत नंबर लावला.

सूट घातला. पाठीमागून टाके घालून आत घ्यावा लागला. निजल्यावर दिसत नाही.

लोकर सुटलेली नव्हती.

४ एप्रिल, शनिवार

पुरलं. गुरुवारपासून घंटा बंद असतात, म्हणून घंटेशिवाय. तो नेहमी म्हणायचा, मी गेलो की घंटा अशी बडवा की तडा जाईल. बायका काळ्या कपड्यांत, हातात झाकलेली भांडी. करडू परत पाठवलं. करडूवाल्यानं मान खाली घालून नेलं.

संध्याकाळी उंबरा धुतला. फक्त धुतला. कॅमेलियांनी भरलेली टोपली विहिरीजवळ पडून आहे.

एक वाक्य तयार केलंय, फोनवर सांगायचं. दहादा बदललं. दिओलिंदानं एकदा ऐकलं, म्हणाली, छान आहे. मी म्हटलं, छान म्हणू नकोस.

५ एप्रिल, ईस्टर

सकाळी गल्लीतल्या प्रत्येक उंबऱ्यावर फुलं. दिओलिंदाच्याही, तिला मीच घालायला लावली, शेजारच्या दुखवट्यासाठी क्रूस परतवायचा नसतो. फटाके. मग घंटा. मी पडद्याआड उभी होते. क्रूस दिओलिंदाकडं गेला, बाहेर आला, आमच्या दारासमोर पाद्रीबाबांनी डोकं उघडं केलं, घंटावाल्यानं घंटा मुठीत धरली, आणि ते पुढं गेले. त्यांच्यामागं नेहमीची गर्दी, पोरंटोरं, आणि गर्दीच्या शेपटाला पाठीवर पिशवी घेतलेली एक मुलगी. हसत. सगळ्यांना ओठांवर बोट ठेवून गप्प राहा म्हणत. लोक तिच्याकडं बघत होते आणि बाजूला होत होते. तिला वाटलं, वाट देतायत.

आली. मी म्हटलं होतं, येईल. फ्लोरेन्सहून बसनं, सबंध स्पेन ओलांडून, सावकाश. मठ नव्हताच. बोलता बोलता तोंडून निघून जाईल म्हणून फोन बंद ठेवला होता. एक एप्रिलला आम्ही दोघींनी एकमेकींना फसवलं. तिची थाप अचानक येऊन उंबऱ्यावरची फुलं बघण्यासाठी होती.

दारापर्यंत आली आणि खाली पाहिलं.

मी पटकन बाहेर गेले. ते वाक्य तयार होतं. पण तिनं उंबरा वाचला होता. डाव्या अंगाच्या खळग्यात कालचं पाणी साचलं होतं, त्याच्याकडं बघत होती. पिशवी पाठीवरच. म्हणाली, "बाईंनी थट्टा केली नव्हती."

मी म्हटलं, नाही.

म्हणाली, "तू केलीस."

मग ती तिथंच उंबऱ्यावर बसली, आत पाठ करून. खळग्यात तळहात ठेवून. गल्ली रिकामी झाली, घंटा दूर गेली, टेकडीच्या पलीकडच्या घरांत ऐकू येऊ लागली, तरी बसली होती. मी मागं उभी. सांगितलं, त्यानं तुला बोलावलं होतं. सांगितलं, थांबतो म्हणाला होता. हे सांगायला नको होतं. तिचे खांदे हलले, पण वळली नाही.

स्वयंपाकघरात गेले. दुसरं काय येतं मला? सूप ठेवलं. टेबल पुसायला घेतलं तर क्राकुफ, प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट, सगळी शहरं तिथंच मांडलेली. फडक्यानं गोळा केली आणि टाकली सूपमध्ये. भिजवली नव्हती. न भिजवलेला घेवडा शिजत नाही, हे मला आईच्या पदराला धरून चालायच्या वयापासून माहीत आहे. तरी टाकला.

शेवटी ती आत आली. आजोबांच्या खुर्चीवर बसली. मी वाटी ठेवली. दिओलिंदा म्हणाली, पोरी, दाणे कच्चे आहेत, बाजूला काढ. तिनं काढले नाहीत. एकेक करून चावले. अख्ख्या खोलीत तेवढाच आवाज. माझ्याकडं बघितलं नाही. खाल्लं मात्र सगळं.

दिओलिंदा, कातियानं सांगितलेली जेवणाची जागा रिकामी ठेवू नकोस. लिही. जेवण: एक वाटी.

या वेळी खरंच एक वाटी.